परळच्या प्रयोगशाळांना सामायिक यंत्रशाळा हवी

परळ स्थानकाच्या पूर्वेस उतरून आचार्य दोंदे मार्गाला लागले, की मैलभराच्याही आतल्या टापूत एकामागून एक ज्या संस्था भेटतात, त्यांची नुसती नावे वाचली तरी या शहराच्या आरोग्याचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढून सरकतो. प्लेगाच्या संहारातून जन्मलेली हाफकिन संस्था, १९२६ साली उघडलेले केईएम रुग्णालय व त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, स्त्रिया व बालके यांच्यासाठी वाडिया कुटुंबाने बांधलेली दोन रुग्णालये, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी दरवाजे उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय, केईएमच्याच आवारात रक्ताच्या विकारांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था, थोड्या अंतरावर प्रजनन व बालआरोग्य यांवर संशोधन करणारी दुसरी राष्ट्रीय संस्था, आणि या सर्वांहून वयाने वडील असे १८८६ सालचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. एवढ्या थोड्या जागेत माणसाच्या व जनावराच्या पेशींचा विचार करणारी एवढी मंडळी एकवटलेली असावीत, असे दुसरे ठिकाण मला तरी या राज्यात ठाऊक नाही.

या संस्थांना जोडणारे रस्ते तेच असले, तरी त्यांच्यावर हुकमत चालवणारी दप्तरे मात्र निरनिराळी आहेत. केईएम महानगरपालिकेचे, हाफकिन राज्य सरकारची, टाटा रुग्णालय १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचे, दोन्ही राष्ट्रीय संस्था भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, पशुवैद्यकीय महाविद्यालय नागपूरस्थित विद्यापीठाच्या अखत्यारीतले, आणि वाडिया रुग्णालये विश्वस्तांच्या कारभारातली. परिणामी एका इमारतीच्या खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसत असली, तरी एकीतले यंत्र दुसरीतल्या संशोधकाला वापरू देण्यासाठी जी दरखास्त करावी लागते, तिचा प्रवास परळहून मंत्रालयाला व दिल्लीला जाऊन पुन्हा परळला येण्याइतका लांबू शकतो. माझे म्हणणे असे, की प्लेटवरील आकडे वाचणारी आणि त्याच वेळी पेशींची चित्रे टिपणारी जी नवी यंत्रे गेल्या दीड-दोन दशकांत प्रयोगशाळांत आली आहेत, ती परळमध्ये संस्थागणिक एकेक विकत घेऊन आपापल्या कुलपात ठेवण्याऐवजी या सर्व संस्थांनी मिळून एक सामायिक यंत्रशाळा उभारावी, तिला कायम नेमणुकीचे कुशल तंत्रज्ञ द्यावेत, आणि तिथे घेतलेल्या प्रत्येक मूळ चित्राचे दप्तर सार्वजनिक मालमत्तेप्रमाणे जतन करावे. ही मागणी निव्वळ काटकसरीची नाही. ती शास्त्रीय सत्याच्या रक्षणाची आहे, आणि तसे मी का म्हणतो हे सांगण्यासाठी या यंत्रांच्या कुळकथेत थोडे खोल शिरणे भाग आहे.

प्लेट म्हणजे तळहातावर मावेल अशी प्लास्टिकची पारदर्शक तबकडी, जिच्यात ८ ओळी आणि १२ स्तंभ अशा मांडणीने ९६ लहान खळगे असतात, आणि प्रयोगशाळेतील कोणीही त्यांना ‘वेल’ याखेरीज दुसऱ्या नावाने संबोधत नाही. तिचा उगम श्रीमंतीत नसून टंचाईत आहे. १९५१ साली हंगेरीमध्ये फ्लूच्या साथीच्या काळात नमुन्यांचा ढीग वाढत चालला, काचेच्या नळ्या व उपकरणे पुरेनात, तेव्हा ग्युला ताकाची या वैद्याने अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यात खळगे कोरून घेतले आणि एकेका नळीतले काम एकेका खळग्यात थेंबा-दोन थेंबांवर आणून ठेवले. पुढे १९७१ साली स्वीडनमधील एंग्वाल व पर्लमान यांनी, आणि जवळजवळ त्याच वेळी नेदरलंड्समधील दुसऱ्या एका जोडीने, प्रतिपिंडाला विकर जोडून रंगाच्या गडदपणावरून त्याचे प्रमाण ओळखण्याची एलायझा पद्धत सिद्ध केली. रंग आला म्हणजे तो मोजण्याचे साधन हवे, आणि ते साधन म्हणजे प्लेट-रीडर: प्रत्येक वेलमधून उभा प्रकाशझोत सोडायचा, तो किती पार झाला हे पलीकडे मोजायचे, आणि गेलेल्या व आलेल्या प्रकाशाच्या गुणोत्तरावरून एक आकडा छापायचा. आकडा १ आला तर दहावा हिस्सा प्रकाश पार झाला, २ आला तर शंभरावा, ३ आला तर हजारावा, असा हा हिशेब आहे. आणि ९६ वेलांचे असे ९६ आकडे हे यंत्र काही सेकंदांत पुढ्यात टाकते.

या साध्या साधनाची थोरवी आपल्या राज्याने अगदी अलीकडे अनुभवली आहे. २०२० च्या मे महिन्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने कोरोनाची प्रतिपिंडे ओळखणारी ‘कोविड कवच’ ही एलायझा चाचणी तयार केली, तेव्हा तिच्या एका फेरीत अडीच तासांत ९० नमुने तपासता येतात असे जाहीर झाले. ९६ वेलांपैकी उरलेल्या अशा वेलांत कंट्रोल घालण्याचा शिरस्ता असतो, म्हणजे ज्यांचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे नमुने, ज्यांच्याशी ताडून बाकीच्यांची ग्राह्याग्राह्यता ठरते. त्याच वर्षीच्या जुलैत महानगरपालिका, नीती आयोग व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी माटुंगा, चेंबूर व दहिसर या परिसरांतील तीन विभागांत सुमारे ७ हजार नमुन्यांची पाहणी केली. तीत प्रतिपिंडे प्रकाशाच्या उत्सर्जनावरून मोजली गेली, आणि झोपडवस्त्यांमध्ये ५७ टक्के, तर इतरत्र १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. झोपडवस्त्या व इतर घरे यांमधल्या या दरीचे ज्ञान शहराला झाले ते प्रकाश मोजणाऱ्या यंत्रांमुळे झाले. म्हणून प्लेट-रीडर हे केवळ प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातले मामुली यंत्र मानण्याची चूक कोणी करू नये.

परंतु आकड्याच्या पूर्वी डोळा होता, आणि परळमध्ये तर तो फारच समर्थ होता. वाल्देमार हाफकिन यांनी १८९६-९७ च्या प्लेगात भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील तुटपुंज्या जागेत लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे १८९९ च्या ऑगस्टमध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात त्यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा रीतसर सुरू झाली, तीच १९२५ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांची कृती पाहण्यासारखी होती. मांसाच्या अर्काच्या चंबूत वरच्या अंगाला तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की प्लेगचे जंतू त्या थेंबांच्या खालच्या बाजूस धरून वाढत आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे पांढुरके तंतू खाली उतरत. चंबू हलवला की ते तुटून तळाशी बसत आणि वरती पुन्हा नवे उगवत. हे सुळके दिसले तर वाढ शुद्ध, निराळे काही दिसले तर परक्या जंतूचा संशय, असा निवाडा करणारे परीक्षक उघड्या डोळ्यांनीच काम करीत होते. आज जंतूंची वाढ प्लेटमधील द्रवाच्या गढूळपणावरून रीडर दर काही मिनिटांनी मोजत राहतो आणि तिचा आलेख रात्रीतून काढून ठेवतो. सोय अपार झाली हे निर्विवाद आहे. मात्र गढूळपणा ज्या जंतूने आणला तो आपला की परका, हे त्या आलेखाला सांगता येत नाही, आणि हाफकिन यांच्या चंबूपुढे बसलेल्या माणसाला ते सांगता येत होते.

खरी अडचण येथूनच सुरू होते. रीडरचा आकडा हा एका वेलमधील हजारो पेशींची सरासरी असतो. समजा, कर्करोगाच्या पेशींवर एखादे औषध घातले आणि आकडा निम्म्यावर आला. याचा अर्थ सर्वच पेशी अर्धमेल्या झाल्या, की निम्म्या मेल्या व निम्म्या ठणठणीत राहिल्या, हे आकडा सांगत नाही, आणि रुग्णाच्या दृष्टीने तर या दोन अर्थांमध्ये जीवन-मरणाचे अंतर आहे, कारण ज्या थोड्या पेशी औषधाला दाद देत नाहीत त्याच वर्षा-दोन वर्षांनी रोग परत आणतात. लालबागच्या उड्डाणपुलावरून विसर्जनाची मिरवणूक पाहणाऱ्याला गर्दीचा अंदाज उत्तम येतो, पण त्या गर्दीत एखादे मूल आईच्या हातून सुटले आहे हे त्याला वरून दिसत नाही; रीडरची स्थिती तशी आहे, आणि कर्करोगाच्या शास्त्राला नेमके ते सुटलेले मूल शोधायचे आहे.

दुसरी अडचण आपल्या देशात अधिक जाणवणारी आहे. पेशी जिवंत आहेत की नाहीत हे ठरवण्यासाठी १९८३ साली मॉसमान यांनी सुचवलेली एमटीटी ही चाचणी आपल्याकडील असंख्य महाविद्यालयांत केली जाते. तीत पिवळे द्रव्य जिवंत पेशींत जाऊन जांभळे होते, आणि जांभळेपणा जितका अधिक तितक्या जिवंत पेशी अधिक असा निष्कर्ष निघतो. आता हळद, गुळवेल, आवळा अशा वनस्पतींचे अर्क तपासणारे आपले विद्यार्थी हीच चाचणी वापरतात, आणि वनस्पतींमधील अनेक द्रव्ये अशी असतात, की पेशींच्या साहाय्यावाचूनच ती त्या पिवळ्या द्रव्याचे जांभळे करू शकतात. शिवाय काहींचा स्वतःचा रंगच मोजणीत मिसळतो, आणि हळदीतले कुर्क्युमिन तर विशिष्ट प्रकाशात स्वतःच हिरवट चमकते. अर्थात पेशीविना अर्क घातलेला वेल शेजारी ठेवला तर हा दोष पकडता येतो. पण घाईत किंवा अज्ञानाने तो वेल न ठेवणारेही असतात, आणि मग पेशी गोल होऊन तळापासून सुटलेल्या, म्हणजे सरळ सरळ मेलेल्या असताना आकडा त्या सुखरूप असल्याची ग्वाही देतो. एकदा सूक्ष्मदर्शकाखाली डोकावले असते तर क्षणात कळले असते. वर्षानुवर्षांचे श्रम, शिष्यवृत्त्या व प्रबंध अशा न डोकावल्यामुळे वाया जावेत, याचे मला मनापासून दुःख होते.

पेशीकडे डोकावण्याची जी परंपरा, ती परळमध्ये मराठी माणसांनी घातली हे आपण पुरेसे अभिमानाने सांगत नाही. टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे पहिले धुरीण डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाच्या कर्करोगाचा तंबाखूच्या सवयीशी आणि कमरेच्या कातडीवरील कर्करोगाचा धोतर घट्ट नेसण्याशी असलेला संबंध तपासताना रुग्णाची राहणी व त्याच्या ऊतकाची स्लाइड या दोन्ही एकाच नजरेत ठेवल्या. १९५२ साली परळमध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले ते त्यांच्या नेतृत्वाखाली. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेल्या डॉ. कमल रणदिवे या पुण्याच्या समर्थ घराण्यातील होत. पुढे त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतकसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. गाय म्हणजे ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून घेतलेल्या पेशी शरीराबाहेर अखंड वाढू लागल्या, त्याच सुप्रसिद्ध हेला पेशी. मायदेशी परतल्यावर रणदिवे यांनी साठच्या दशकात या केंद्रात देशातील पहिली ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा उभारली, स्तनाच्या कर्करोगातील आनुवंशिकतेचा भाग उंदरांत व पेशींत शोधला, आणि कुष्ठरोग्याच्या ऊतकातून मिळवलेले जंतू संवर्धनात वाढवण्याच्या प्रयत्नात खानोलकरांबरोबर त्यांचा हात होता. त्या काळी पेशींची गणना काचेच्या चौकटीवर, निळा रंग घालून, हाताने करावयाची असे. मेलेली पेशी निळी होई, जिवंत पेशी रंग आत घेत नसे. हे काम करणाऱ्याची नजर दिवसअखेर थकून जाई, आणि एका दिवसात पाहून होणाऱ्या नमुन्यांना त्या थकव्याची सीमा होती. आकड्याजवळ वेग होता व दृष्टी नव्हती. सूक्ष्मदर्शकाजवळ दृष्टी होती व वेग नव्हता. ही फारकत काही दशके टिकली.

ती मोडली हीच या क्षेत्रातील प्रगती. तिच्यामागे अनेकांचे हात आहेत. १९६२ साली शिमोमुरा यांनी एका जेलीफिशमधून शुद्ध केलेले हिरवे चमकणारे प्रथिन १९९४ साली चॅल्फी यांनी दुसऱ्या सजीवात उमटवून दाखवले, त्सिएन यांनी त्याच्या रंगच्छटा वाढवल्या, आणि २००८ च्या नोबेलने या तिघांचा गौरव झाला. त्यांच्या या कामामुळे पेशीतील हव्या त्या प्रथिनाला दिवा लावून ती जिवंत असतानाच पाहता येऊ लागली. दुसरीकडे सूक्ष्मदर्शकाचे टेबल मोटारीने हलू लागले, भिंगाचे अंतर संगणक स्वतः साधू लागला. आजचे यंत्र बाहेरून एखाद्या मध्यम पेटीएवढे दिसते. प्लेट आत सरकवली की ते आधी रीडरप्रमाणे प्रत्येक वेलचा आकडा घेते, नंतर त्याच वेलच्या तळाशी भिंग नेऊन तीन-चार रंगांतील छायाचित्रे टिपते, ३७ अंश उष्णता व ५ टक्के कार्बन डायऑक्साइड कायम राखून पेशींना शरीरात असल्यासारखे वाटू देते, आणि दर तासा-दोन तासांनी हा क्रम अहोरात्र चालू ठेवते. संगणक प्रत्येक पेशीचे केंद्रक वेगळे ओळखून तिचा आकार, तिचे शेजाऱ्यांपासूनचे अंतर, तिच्या विभाजनाची वेळ अशी शेकडो लक्षणे नोंदतो. सरासरीच्या आड दडलेली प्रत्येक पेशी अशा रीतीने आपापल्या तपशिलासह समोर येते, आणि आकडा व चित्र एकमेकांची साक्ष काढतात: दोघांचे जमले तर विश्वास ठेवावा, न जमले तर थांबून कारण शोधावे.

या न जमण्यातच कधी कधी मोठे शोध दडलेले असतात. १९५२ साली केईएममधील डॉ. य. म. भेंडे व त्यांचे सहकारी यांना असे रक्त भेटले, की ज्याच्या तांबड्या पेशी अ, ब किंवा ओ यांपैकी कोणत्याच गटाच्या अपेक्षित रीतीने वागत नव्हत्या. चाचणी चुकली असे म्हणून त्यांनी तो नमुना फेकून दिला असता तर आज ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने जग ज्याला ओळखते तो गट आणखी काही काळ अज्ञात राहिला असता, आणि आपल्या भागात साधारण १० हजारांत एकाला असणारा हा गट ज्यांच्या अंगी आहे, अशांना ओ गटाचे रक्त निर्धास्तपणे देऊन अपघात घडत राहिले असते. भेंड्यांकडे काचपट्टी होती, ताजे रक्त होते, आणि विसंगतीपुढे थबकण्याची शिस्त होती. नवे यंत्र ९६ वेलांतील विसंगती क्षणात पुढे करील, पण तिच्यापुढे थबकायचे कोणी, याचे उत्तर यंत्राच्या खरेदीपत्रकात नसते.

म्हणूनच माझ्या मागणीतील मध्यवर्ती शब्द यंत्र नसून तंत्रज्ञ हा आहे. साधे एलायझा रीडर आता आपल्या देशात, मुंबईच्या परिसरातही, बनतात व काही लाखांत मिळतात. चित्रे टिपणारी मोठी यंत्रे मात्र बहुतेक परदेशी बनावटीची असून त्यांची किंमत कोटीच्या घरात किंवा तिच्याही पलीकडे जाते. प्रकल्पाच्या अनुदानातून यंत्र मिळते, तीन वर्षांनी प्रकल्प संपतो, त्याबरोबर ते चालवणाऱ्या कंत्राटी मुलाची किंवा मुलीची नेमणूक संपते, देखभालीच्या वार्षिक कराराला कोणत्या खात्यातून रक्कम द्यायची यावर पत्रव्यवहार सुरू होतो, आणि दिवा जळालेले किंवा भिंग सरकलेले यंत्र कापडाखाली झाकले जाते. अशी झाकलेली यंत्रे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहेत. त्या ठिकाणांची नावे घेण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष त्या माणसांचा नाही, खर्चाची तजवीज करणाऱ्या पद्धतीचा आहे. यंत्राची खरेदी भांडवली खर्च म्हणून मान्य होते; ते चालवणारा हात हा आवर्ती खर्च ठरतो, आणि आवर्ती खर्चाला मंजुरी देताना प्रत्येक दप्तराचा हात आखडतो. पण वेलमध्ये किती द्रव आहे यावर प्रकाशाच्या वाटेची लांबी ठरते, एखादा बुडबुडा राहिला तर आकडा बिघडतो, कडेच्या वेलांतले पाणी मधल्या वेलांपेक्षा लवकर उडते. हे सारे ज्याला बोटांनी ठाऊक आहे, असा मनुष्य घडायला पाच-सात वर्षे लागतात, आणि तो गेला की कोटीचे यंत्र बापुडवाणे होते.

सामायिक यंत्रशाळा ही काही माझी नवी कल्पना नव्हे. पवईच्या आयआयटीत १९७६ पासून अशा धर्तीचे केंद्र चालू आहे, जिथे बाहेरचा संशोधक शुल्क भरून आपला नमुना तपासून घेतो; आणि देशभरातील सार्वजनिक संस्थांची यंत्रे इतरांना वापरता यावीत म्हणून केंद्र सरकारने २०२० साली ‘आय-स्टेम’ नावाची नोंदणीव्यवस्थाही उघडली आहे. मग परळला निराळे काय हवे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर जिवंत पेशींच्या स्वभावात आहे. धातूचा तुकडा किंवा वाळवलेले चूर्ण पवईला पाठवता येते. शस्त्रक्रियेतून नुकतीच काढलेली गाठ तासागणिक बदलत जाते, आणि तिच्यातील पेशींवर कोणते औषध लागू पडते हे पाहायचे तर ती प्लेटवर शक्य तितक्या लवकर पोहोचली पाहिजे. टाटांच्या कर्करोग संशोधनाचा मोठा भाग एकविसाव्या शतकाच्या आरंभी खारघरला गेला ही गोष्ट खरी, आणि तिथल्या प्रशस्त जागेत उत्तम काम होत आहे. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या देशातील पहिल्या कार-टी पेशीउपचाराने तर दोन निरनिराळ्या खात्यांच्या संस्था एकत्र आल्या म्हणजे काय घडते हे दाखवूनही दिले आहे. रुग्णांचा मोठा ओघ मात्र परळलाच येतो. विदर्भातून, कोकणातून, बिहार-बंगालमधून आलेला रुग्ण जिथे झोपतो, तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर त्याच्या पेशी पाहणारे यंत्र असावे.

आता मूळ चित्रांच्या दप्तराविषयी. हिशेब करून पाहा. ९६ वेलांची एक प्लेट, प्रत्येक वेलमध्ये चार जागा, प्रत्येक जागेची चार रंगांत चित्रे, म्हणजे एका फेरीत १,५३६ चित्रे. एकेक चित्र सुमारे ८ मेगाबाइटचे धरले तर एका फेरीची नोंद १२-१३ गिगाबाइट भरते, आणि दर दोन तासांनी तीन दिवस चित्रे घेतली तर एकट्या प्लेटची नोंद साडेचारशे गिगाबाइटांच्या घरात जाते. एवढे साठवण्याची सोय नसल्यामुळे पुष्कळ ठिकाणी चित्रांवरून काढलेले आकडे ठेवून मूळ चित्रे पुसून टाकण्याचा मोह होतो, आणि पुन्हा सरासरीच्या त्याच आंधळेपणाकडे आपण परततो. पुढे एखाद्याने निष्कर्षावर शंका घेतली तर दाखवायला काही उरत नाही. या बाबतीत परळने एकदा फार मोठी किंमत मोजली आहे. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मलकोवाल या गावी परळहून गेलेल्या लसीच्या एका बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष परळच्या प्रयोगशाळेत शिरला की बाटली गावात उघडताना, या प्रश्नावर वाद वर्षानुवर्षे चालला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले, आणि रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्यांची बाजू घेतल्यानंतर १९०७ साली त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला. टोचणीच्या वेळी खाली पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हा तपशील निर्णायक ठरला. तपशील जपला गेला म्हणून एका निरपराध माणसाला न्याय मिळाला, तोही पाच वर्षे उशिरा. जी प्रयोगशाळा हा इतिहास सांगते, तिच्या शेजाऱ्यांनी तरी मूळ नोंद पुसू नये.

या दप्तरात रुग्णांच्या पेशी असतील, तेव्हा त्यांची संमती हा प्रश्न औपचारिक समजून चालणार नाही. हेन्रिएटा लॅक्सच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या व त्या जगभर गेल्या, आणि तिच्या मुलांना ते कळायला वीसहून अधिक वर्षे लागली. परळमधील संमतिपत्र रुग्णाच्या भाषेत असावे, ते वाचून दाखवणारा मनुष्य घाईत नसावा, आणि पेशींची चित्रे नावाशिवाय कोणाला दाखवली जातील हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. ही जबाबदारी यंत्रशाळेचीच मानली पाहिजे. ती उपचार करणाऱ्या थकलेल्या निवासी डॉक्टरावर लोटणे अन्यायाचे आहे.

विरोध होईल तो मालकीवरून. यंत्र कोणाच्या नावावर, वीज कोणाची, शोधनिबंधावर नाव कोणाचे, बिघाड झाला तर ठपका कोणावर, हे प्रश्न क्षुद्र नाहीत. सरकारी कारभारात वावरलेल्या कोणालाही त्यांचे वजन कळते. खरेदीच्या नियमांतही विषमता आहे: जून २०२५ मध्ये केंद्राने आपल्या अखत्यारीतील संशोधनसंस्थांना परदेशी यंत्रांच्या निविदांबाबत बरीच सवलत दिली, तिचा लाभ टाटा रुग्णालयाला व अनुसंधान परिषदेच्या संस्थांना होईल, परंतु महानगरपालिका व राज्य यांच्या खरेदीला आपापलेच नियम लागू राहतात. म्हणून व्यवहार्य वाटणी अशी दिसते, की यंत्रांची खरेदी केंद्राच्या संस्थांनी करावी, जागा व वीज महानगरपालिकेने द्यावी, तंत्रज्ञांची पदे राज्याने मंजूर करावीत, आणि वेळेचे वाटप सर्व संस्थांच्या प्रतिनिधींच्या मंडळाने करावे, ज्यात वापराच्या एकूण तासांपैकी ठरावीक हिस्सा रुईया, रुपारेल, कीर्ती, विल्सन अशा महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी राखलेला असेल. गिरगावातून किंवा दादरहून येणाऱ्या त्या मुलामुलींनी आपल्या गुळवेलीच्या अर्काचा आकडा मांडण्यापूर्वी त्याच वेलचे चित्र एकदा पाहिले, तरी पुष्कळसे निष्फळ संशोधन वाचेल.

यासाठी नवा कायदा लागत नाही. सहकार्याचा करार करण्याचे अधिकार या संस्थांच्या प्रमुखांना आजही असून त्यांपैकी अनेकांनी दूरदूरच्या विद्यापीठांशी असे करार केलेले आहेत. पहिली बैठक महानगरपालिकेच्या आयुक्तांनी केईएमच्या अधिष्ठात्यांमार्फत बोलवावी, आणि तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर यंत्रांच्या यादीच्या आधी चार कायम तंत्रज्ञांच्या पदांचा प्रस्ताव ठेवावा.